कूलर कुठला घेऊ?

परवा नागपूरहून भाच्याचा निरोप आला. "मामा, चांगला कूलर कुठला घेऊ? एप्रिलच्या आत बसवायचाय." मी सरळ मनाने लिहून मोकळा झालो की लोखंडी बॉडीचाच घे, प्लास्टिकच्या भानगडीत पडू नकोस, ताट्या वाळ्याच्या टाक आणि पंप दरवर्षी नवा घ्यायची तयारी ठेव. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "मामा, प्रोसेसरचा!"

आता विदर्भात वाढलेल्या माणसाला 'कूलर' म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? मार्चअखेर माळ्यावरून उतरणारा, खिडकीत बसून दोन महिने घरघरणारा, पाण्याच्या टाकीसाठी भावंडांत भांडणं लावणारा तो कूलर. पण भाच्याचा प्रश्न गंमतीचा नव्हता. तो ॲनिमेशन शिकतो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मे महिन्यात द्यायचाय आणि त्याचं रेंडरिंग म्हणजे प्रोसेसर सलग आठ-दहा तास पूर्ण ताकदीने पळवणं. तेही नागपुरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, एप्रिलमध्ये. मी उत्तर लिहायला बसलो आणि ते ऐंशी वर्षं मागे गेलं. त्याला दोन ओळी पाठवल्या. बाकीचं इथे लिहितोय.

मुळात संगणक आणि पंखा यांची सोबत पहिल्यापासूनची आहे. १९४५ साली फिलाडेल्फियात तयार झालेल्या एनिॲकमध्ये सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या आणि तो दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज खायचा. संगणक जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. त्यामुळे एनिॲकमधून मोठाल्या पंख्यांनी सतत हवा खेळवावी लागे. म्हणजे 'एअर कूलिंग' हे काही गेमिंगवाल्या पोरांचं खूळ नव्हे. घराण्याचा मूळपुरुषच हवेवर जगत होता.

मग ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या आणि हा प्रश्न काही वर्षं चक्क नाहीसा झाला. १९८१ च्या आयबीएम पीसीमधला प्रोसेसर फार तर दोन-अडीच वॅट घ्यायचा. आपल्याकडे झिरोचा म्हणून जो बल्ब मिळायचा तोसुद्धा पंधरा वॅटचा! त्या प्रोसेसरवर ना पंखा होता ना धातूचा तुकडा. उघडाबोडका बसलेला असे. आम्ही मात्र संगणक पहिल्यांदा पाहिला तो चपला बाहेर काढून, एसी खोलीत, कुडकुडत. संगणकाला गरम होतं म्हणून एसी लावलाय असं सर सांगायचे. आता हिशेब करून पाहतो तेव्हा वाटतं, त्या खोलीत सगळ्यात जास्त उष्णता आम्ही चाळीस पोरंच टाकत असू. असो.

पंखा नको या हट्टापायी फसल्याचंही एक उदाहरण त्याच काळातलं. १९८० चा ॲपल-३. स्टीव्ह जॉब्जला पंख्याचा आवाज खपत नसे, म्हणून यंत्राची ॲल्युमिनियमची बैठकच उष्णता बाहेर टाकेल अशी योजना केली. यंत्रं तापायची, चिपा आपल्या खाचांतून सुटायच्या, आणि त्यावर उपाय म्हणून यंत्र दोन-तीन इंच उचलून खाली सोडायचा सल्ला दिला जाई. आपल्याकडे रेडिओला थापट मारायचे तसंच की हे. आणि मी समजत होतो ही फक्त आपली विद्या.

खरी गोष्ट सुरू होते १९९० नंतर. ४८६ च्या वेगवान आवृत्त्यांवर छोटे हीटसिंक दिसू लागले आणि १९९३ चा पहिला पेंटियम आला तो पंधरा-सोळा वॅटचा. म्हणजे झिरोचा बल्ब पेटला. तरी कुणाला फारशी काळजी नव्हती, आणि त्याला कारण होतं. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवला, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर जास्त वेगाने चालतात आणि तेवढ्या जागेची उष्णता मात्र वाढत नाही. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणून व्होल्टेज उतरवण्याचा फायदा दुहेरी. पाचावरून सव्वातीन, मग दोन, मग दीड, असा व्होल्टेज उतरत गेला. संगणकाच्या धंद्याची तीसेक वर्षांची भरभराट या एका सोयीवर उभी होती असं मला वाटतं. मूरचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, बिचाऱ्या डेनार्डला कुणी विचारत नाही.

ती सोय संपत आली हे आतल्या लोकांना आधीच कळलं होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये इंटेलचे पॅट गेल्सिंगर एका तांत्रिक परिषदेत म्हणाले की हे असंच चालू राहिलं तर दर चौरस सेंटिमीटरमागची उष्णता काही वर्षांत अणुभट्टीच्या, मग रॉकेटच्या नळकांड्याच्या आणि २०१५ च्या सुमारास सूर्याच्या पृष्ठभागाच्या पंगतीला जाऊन बसेल. त्याच वर्षी टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक चित्रफीत काढली. चालू संगणकात, गेम खेळता खेळता, प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून घ्यायचा आणि काय होतं ते पाहायचं. पेंटियम ४ ने वेग कमी केला आणि रांगत का होईना चालू राहिला. एएमडीच्या ॲथलॉनमधून धूर निघाला. मला आठवतंय, ती फीत पाहून आमच्यातल्या ॲथलॉनवाल्या मित्रांचे चेहरे उतरले होते. वास्तविक चालू संगणकातून हीटसिंक काढतो कोण? पण भीती ही अशीच बसते.

त्या ॲथलॉनचा गाभा उघडा असायचा, वर धातूचं झाकण नाही. त्यावर हीटसिंक बसवायचा तो स्क्रूड्रायव्हरने क्लिप दाबून. जरा जोर जास्त झाला की गाभ्याचा कोपरा उडाला, स्क्रूड्रायव्हर सटकला की मदरबोर्डवर ओरखडा. आणि हे सगळं निभावलं तरी वर साठ मिलिमीटरचा पंखा मिनिटाला सात हजार फेरे घेत किंचाळायचा. तेव्हाचा 'हाय परफॉर्मन्स' म्हणजे हा. खोलीत मिक्सर चालू आहे असं समजून राहायचं.

फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलचा 'प्रेस्कॉट' नावाचा पेंटियम ४ आला आणि डेनार्डचं गणित मोडल्याचं सगळ्या जगाला दिसलं. ट्रान्झिस्टर नव्वद नॅनोमीटरपर्यंत लहान केले होते. जुन्या हिशेबाने ही चिप आधीच्यापेक्षा थंड असायला हवी होती, ती निघाली जास्त गरम. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले होते की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपत होती आणि व्होल्टेज आणखी उतरवायला वाव उरला नव्हता. वरच्या आवृत्त्या ११५ वॅटपर्यंत गेल्या. म्हणजे नखाएवढ्या जागेत शंभराचा बल्ब. मे महिन्यात इंटेलने पुढची 'तेजस' नावाची चिप रद्द केली. हो, तेजसच, आपलाच शब्द. ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झचा पेंटियमही रद्द केला आणि मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनी भर सभेत गुडघे टेकून त्याबद्दल माफी मागितली. वेग वाढवत नेण्याची शर्यत तिथे संपली. २००६ चा कोअर २ ड्युओ आला तो कमी वेगाचा, दोन गाभ्यांचा आणि ६५ वॅटचा.

आमच्या घरीही या इतिहासाचं एक पान आहे. ते नातेवाइकांपैकी काहींना माहीत आहे, काहींना अर्धंच. निवृत्तीनंतर बाबांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. एका बोटाने टाईप करत करत चाळीसेक पानं झाली होती. २००४ च्या दिवाळीच्या साफसफाईत मी संगणक उघडून धूळ झटकली, हीटसिंक काढून पुन्हा बसवला. त्याला चार पाय असत, दाबले की 'टक' करून बसणारे. हिवाळाभर सगळं ठीक. मे महिन्यात मात्र दुपारी दोन-अडीचला संगणक आपोआप बंद पडू लागला. मी निदान केलं, व्हायरस! तेव्हा कशाचंही निदान व्हायरसच असे. फॉरमॅट मारला. तरी बंद पडे. पुन्हा फॉरमॅट. तिसऱ्या वेळी बाबांची फाईल दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यायची राहिली. पुढच्या दिवाळीत झाकण काढून हीटसिंकला हात लावला तर तो हलला. चौथ्या पायाने 'टक' केलंच नव्हतं. हिवाळ्यात पंचवीस डिग्रीच्या खोलीत जे खपून गेलं ते मे महिन्यात खपलं नाही, एवढंच. बाबा मला काही बोलले नाहीत. दोनशे पानी वही आणली आणि पहिल्यापासून हाताने लिहायला बसले. संगणकावर मात्र परत कधी लिहिलं नाही त्यांनी. वही एकशे बारा पानांवर थांबली आहे.

तर पुन्हा कूलरकडे. या उष्णतेवर उत्तर निघालं ते नव्या शोधातून नव्हे, जुन्याच एका नळीतून. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ साली तिचं पेटंट मिळालं होतं, डोक्यात होता रेफ्रिजरेटर. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९६३ साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, अंतराळातल्या अणुभट्ट्यांसाठी, आणि तिला नाव दिलं 'हीट पाइप'. तांब्याची बंद नळी, आतली हवा काढून घेतलेली, थोडंसं पाणी, आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर. एक टोक तापलं की तिथलं पाणी कमी दाबामुळे लगेच वाफ होतं, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि ते पाणी त्या थरातून वातीत तेल चढावं तसं परत येतं. पंप नाही, मोटर नाही, वीज नाही. तेवढ्याच जाडीच्या भरीव तांब्यापेक्षा ही नळी कितीतरी पटींनी जास्त उष्णता वाहून नेते.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माठ आठवला. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं हे आपल्याला माठाने आणि वाळ्याच्या ताट्यांनी शिकवलेलं. फरक एवढाच की माठातली वाफ निघून जाते, हीटपाइपमधली घरी परत येते.

हीटपाइप मिळाल्यावर हीटसिंकला प्रोसेसरला चिकटून ठेंगणं राहायची गरज उरली नाही. उष्णता वर न्यायची आणि तिथे पातळ पत्र्यांचा मनोरा उभा करायचा. २००५ चा जपानी सायथ निन्जा, २००६ चा तैवानी थर्मलराइट अल्ट्रा-१२० ही त्या घाटाची गाजलेली नावं. साठचा पंखा जाऊन एकशेवीसचा आला. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, आणि पंख्याचे फेरे निम्मे केले की आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो. मिक्सर बंद झाला.

२००५ सालीच ऑस्ट्रियात नॉक्टुआ सुरू झाली. तपकिरी आणि सायीच्या रंगाचे पंखे, लोक त्या रंगाला नावं ठेवतात आणि वर दुप्पट पैसे देऊन घेतात. खूण घुबडाची. अथीनी नॉक्टुआ हे युरोपातल्या एका छोट्या घुबडाचं शास्त्रीय नाव. आपला पिंगळा त्याचाच चुलतभाऊ, अथीनी ब्रामा. (आणि शंभराहून जास्त वर्षं हरवलेला रानपिंगळा १९९७ साली पुन्हा सापडला तो आपल्या शहाद्याजवळ. विषयांतर झालं, पण पिंगळा निघाला की मला राहवत नाही.) घुबड आवाज न करता उडतं म्हणून ही खूण चपखल. त्यांचा एनएच-डी१५ हा दोन मनोऱ्यांचा, दोन पंख्यांचा कूलर २०१४ साली आला आणि त्याची पुढची आवृत्ती निघायला २०२४ उजाडलं. संगणकाच्या दुनियेत दहा वर्षं म्हणजे चार पिढ्या! पंख्यांसह वजन १३२० ग्रॅम, उंची १६५ मिलिमीटर. सव्वा किलोच्या वर धातू, तोही उभ्या मदरबोर्डवर आडवा लटकलेला. म्हणून घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजायची, नाहीतर काचेचं झाकण लागत नाही आणि मग आयुष्यभर ते उघडं ठेवून "हवा लागायला बरं" असं सांगत बसावं लागतं.

मात्र अलीकडे हा मुकुट डळमळलाय. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० हा सहा नळ्यांचा, दोन मनोऱ्यांचा कूलर साधारण तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत येतो आणि चाचण्यांत डी१५ च्या दोन-चार अंश मागेपुढे असतो. भाच्याने मला सहा चाचण्यांचे तक्ते पाठवले होते, त्यात तो या दोन-चार अंशांवर रात्र रात्र काढत होता. त्याला विचारलं, "अरे, या चाचण्या केल्या त्या खोलीचं तापमान किती होतं?" ते त्याने पाहिलंच नव्हतं.

खोली बावीस अंशांची होती. हवेवर चालणारा प्रोसेसरचा कूलर कितीही महागडा असो, खोलीच्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. तो फक्त ठरवतो की हवेपेक्षा किती जास्त. समजा एखाद्या कूलरने फरक पंचेचाळीस अंशांवर ठेवला, तर तिथे प्रोसेसर ६७ वर राहील. तोच कूलर नागपुरात एप्रिलच्या दुपारी चाळीस अंशांच्या खोलीत ८५ वर जाईल, आणि कॅबिनेटमधली कोंडलेली हवा धरली तर नव्वदीला टेकेल. स्वस्त आणि महाग कूलरमधला फरक दोन-चार अंश, आणि त्या चाचणीवाल्याची खोली आणि याची खोली यांतला फरक अठरा अंश! आता सांगा, पैसे कुठे घालायचे?

आणि इथेच माझं ते चुकीचं उत्तर बरोबर ठरलं. खिडकीतला वाळ्याचा कूलर पाणी उडवून देतो, म्हणून तो हवेला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकतो, जे नॉक्टुआच्या बापालाही जमणार नाही. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात दहा अंशांचा फरक सहज पडतो. हेच मुंबईत किंवा रत्नागिरीत चालणार नाही, तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली.

दुसरी एक गोष्ट त्याला सांगितली, ती त्याला फारशी आवडली नाही. आताचे प्रोसेसर मुद्दामच काठापर्यंत तापतात. एएमडीने २०२२ च्या रायझन ७००० मालिकेच्या वेळी उघडच सांगितलं की पूर्ण भारात ९५ अंश हे अपेक्षितच आहे. मोठा कूलर लावला तर प्रोसेसर थंड न होता जास्त वेगाने पळतो आणि पुन्हा तिथेच येतो. शिवाय गाभा जेमतेम सत्तर चौरस मिलिमीटरचा, त्या एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढायलाच मर्यादा आहे. याच्याकडे त्याच मालिकेतला आहे. सेटिंगमध्ये जाऊन त्याची वीज ६५ वॅटच्या गटाला बांधली तर वेग थोडाच घटतो, उष्णता मात्र खूप. मला विचाराल तर हे काम आधी करावं, खरेदी नंतर. पण विशीतल्या मुलाला स्वतःच्या पैशांचा प्रोसेसर हळू चालव म्हणून सांगणं म्हणजे नवी मोटारसायकल चाळीसनेच चालव म्हणण्यासारखं. तो "बघतो मामा" म्हणाला. बघतो म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे.

शेवटी ठरलं ते असं. कूलर मधल्या किमतीचा, दोन मनोऱ्यांचा, १५५ मिलिमीटर उंच, त्याच्या कॅबिनेटमध्ये मावणारा. वाचलेल्या पैशांत कॅबिनेटला पुढे दोन पंखे आणि धुता येणारी जाळी. टेबल पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून खिडकीजवळ, पण कूलरचे तुषार थेट अंगावर येणार नाहीत इतकं बाजूला. मोठी रेंडरं रात्री अकरानंतर लावायची. आणि खिडकीतल्या कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या. त्या ताईने आणल्या, सीताबर्डीहून.

रविवारी त्याने कूलर बसवला आणि फोटो पाठवला. छान दिसत होता. मी कळवलं की चारही स्क्रूंचे जवळून वेगवेगळे फोटो पाठव. तो म्हणाला, "मामा, घट्ट आहेत रे सगळे." मी म्हटलं, तरी पाठव. तीन आलेत, चौथ्याची वाट पाहतोय.